दुसऱ्याचं सॉफ्टवेअर आपल्या डाउनलोड पानावरून देताना: लायसन्स आणि निर्यातीचे नियम

एखादं सॉफ्टवेअर फुकट उतरवून वापरता येतं, म्हणून ते आपल्या सर्व्हरवर ठेवून इतरांना देता येतंच असं नाही. वापरण्याची परवानगी वेगळी आणि वाटण्याची वेगळी. फ्रीवेअर म्हणवणारे कित्येक बंद प्रोग्रॅम पहिली देतात आणि दुसरी नाकारतात. जीपीएलसारखी (सोर्स म्हणजे मूळ कोड खुला ठेवायला लावणारी) लायसन्स वाटायला पूर्ण मोकळीक देतात, पण वाटल्या क्षणापासून काही कामं तुमच्या अंगावर येतात. अपलोड करण्याआधी केली तर ती कामं एखाद्या दिवसात उरकतात. सहा महिन्यांनी कुणी विचारल्यावर करायला घेतली तर कधीकधी होतच नाहीत, कारण ती फाइल नेमक्या कोणत्या सोर्समधून बनवली होती हे तोवर कुणालाच सांगता येत नाही.

वाटणं म्हणजे फक्त झिप फाइल ठेवणं नव्हे. मिरर (दुसऱ्या सर्व्हरवरच्या फाइलींची तंतोतंत प्रत) चालवणं, कंटेनर इमेज (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) सार्वजनिक रजिस्ट्रीवर टाकणं, आपल्या ॲपच्या इन्स्टॉलरमध्ये दुसऱ्याची लायब्ररी (तयार कोडचा संच) घालणं, वाचकाच्या ब्राउझरकडे जावास्क्रिप्टची फाइल पाठवणं, हे सगळं वाटपच आहे. सॉफ्टवेअर स्वतःच्याच सर्व्हरवर चालवलं आणि प्रत बाहेर दिली नाही तर जीपीएल काही मागत नाही. एजीपीएल (जीपीएलचाच नेटवर्कसाठीचा कडक प्रकार) मात्र मागतं: बदललेला प्रोग्रॅम लोक नेटवर्कवरून वापरत असतील तर त्यांना सोर्स मिळण्याची सोय हवी.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. विंडोजवर फाइल पाठवण्या-घेण्याचा एक प्रोग्रॅम आहे. तो दुसऱ्याने लिहिलेला आणि जीपीएल आवृत्ती ३ खाली दिलेला. तुम्ही त्यात भाषांतर आणि दोन किरकोळ दुरुस्त्या घालून नवा इन्स्टॉलर बनवताय आणि तो आपल्या साइटवर ठेवणार आहात.

पायरी १: पोतडीत काय काय आहे ते काढा

इन्स्टॉलर सेव्हन-झिपने उघडा आणि आतल्या प्रत्येक फाइलची नोंद करा. आपल्या उदाहरणात साधारण हे सापडेल: मुख्य प्रोग्रॅम, क्यूटी या खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीच्या डीएलएल (वेगळ्या ठेवलेल्या लायब्ररी फाइली), ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनसाठी), झेडलिब (माहिती आक्रसवण्यासाठी), एक फॉन्ट, आयकॉनचा संच आणि मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ रनटाइमच्या एक-दोन डीएलएल. स्टॅटिक जोडलेल्या लायब्ररी मात्र अशा दिसत नाहीत. त्या मुख्य फाइलच्या पोटात असतात. त्यासाठी बिल्डची (सोर्समधून प्रोग्रॅम बनवण्याची) फाइल आणि डिपेंडन्सीची लॉक फाइल (कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती घेतली त्याची यादी) वाचावी लागते. गो आणि रस्ट या भाषांमध्ये तर जवळपास सगळंच पोटात जातं.

तक्त्यात प्रत्येक घटकासमोर हे लिहा: नाव, नेमकी आवृत्ती, कुठून आणला तो पत्ता, कमिटचा (सोर्सच्या इतिहासातल्या नेमक्या नोंदीचा) क्रमांक, फाइलचा शा-२५६ (फाइलचा ठसा, ती बदलली की तोही बदलतो), लायसन्स, तुम्ही बदल केला का, स्टॅटिक जोडलाय की डायनॅमिक, आणि शेवटचा रकाना म्हणजे माहिती गुप्त ठेवणारं एन्क्रिप्शन आहे का. हा शेवटचा रकाना सुरुवातीलाच भरून ठेवा, निर्यातीच्या पायरीला तोच लागतो. टॅगचं (आवृत्तीला लावलेल्या खुणेचं) नाव पुरत नाही. टॅग नंतर हलवता येतो, कमिटचा क्रमांक हलत नाही. लायसन्सच्या रकान्यात एसपीडीएक्स या मानकातली ठरलेली लघुनावं वापरा. ती आता आयएसओ मानकाचा भाग आहेत (५९६२, वर्ष २०२१) आणि 'जीपीएल' एवढंच लिहिण्यातली संदिग्धता त्यांनी जाते.

स्कॅनकोड आणि फॉसॉलॉजी ही मोफत साधनं फाइली चाळून लायसन्स शोधून देतात. त्यांचा निकाल पहिला मसुदा म्हणून घ्या. टेस्टच्या फोल्डरमधल्या एखाद्या नमुना फाइलवरून ती अख्ख्या पॅकेजवर भलतंच लायसन्स चिकटवतात, आणि शीर्षटिप्पणी नसलेली फाइल तशीच सोडून देतात.

कंटेनर इमेज असेल तर एक खाचखळगा लक्षात ठेवा. वरच्या थरात फाइल पुसली तरी खालच्या थरात ती असतेच, आणि इमेज उतरवणाऱ्याला ते सगळे थर मिळतात. 'आम्ही ती काढली होती' हे उत्तर तिथे चालत नाही. बेस इमेजमध्ये जीपीएलखालची कितीतरी पॅकेजं असतात, त्यांचं वाटपही तुमच्याच नावावर जमा होतं.

पायरी २: प्रत्येकाचं लायसन्स मुळातून वाचा

रीडमीतला बिल्ला किंवा पॅकेज रजिस्ट्रीवरची एक ओळ म्हणजे लायसन्स नव्हे. त्याच आवृत्तीच्या सोर्समधली मूळ लायसन्स फाइल उघडा. ती कुठेच नसेल तर गृहीत हेच धरायचं की सर्व हक्क राखीव आहेत. कॉपीराइट नोंदणीविना लागू होतो. गिटहबवर उघडा ठेवलेला कोड पाहण्याची आणि तिथल्या तिथे फोर्क करण्याची (आपल्या खात्यात प्रत काढण्याची) मुभा त्या साइटच्या अटींतून मिळते, तो उचलून आपल्या साइटवरून देण्याची नाही. अशा वेळी लेखकाला विचारा, आणि परवानगी गप्पांत नको, लायसन्स फाइल रिपॉझिटरीत घालायला सांगा.

आवृत्तीकडे बारीक लक्ष द्या, कारण लायसन्स आवृत्तीगणिक बदलतं. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये, इलॅस्टिकसर्चने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये आधीचं मोकळं लायसन्स सोडून बंधनं असलेलं घेतलं. इलॅस्टिकसर्च आणि रेडिस पुढे एजीपीएलचा पर्याय देऊन अर्धे परतलेही. आधी दिलेल्या आवृत्त्यांवर आधीचंच लायसन्स राहतं. त्यामुळे 'रेडिसचं लायसन्स काय' या प्रश्नाला आवृत्तीचा आकडा सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

बंद सॉफ्टवेअरच्या करारात 'पुनर्वितरण' हा शब्द शोधा. बहुधा तीनपैकी एक सापडतं: सरळ मनाई, फाइल जशीच्या तशी ठेवण्याच्या अटीवर परवानगी, किंवा ठरावीक फाइलींची यादी. मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल स्टुडिओसोबत पुनर्वितरण करता येणाऱ्या फाइलींची यादी देतं. तीत नसलेली डीएलएल, विशेषतः डीबग आवृत्तीची, इन्स्टॉलरमध्ये घालता येत नाही.

फॉन्ट आणि आयकॉन बहुतेकजण विसरतात. ओएफएल १.१ (फॉन्टसाठीचं मुक्त लायसन्स) खालचा फॉन्ट सॉफ्टवेअरसोबत देता येतो, एकटा विकता येत नाही, आणि लेखकाने नाव राखीव ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव लावता येत नाही. लागतील तेवढीच अक्षरं ठेवून फॉन्ट हलका करणं हाही बदलच. क्रिएटिव्ह कॉमन्समधलं 'अव्यावसायिक' बंधन असलेले आयकॉन सरळ टाळा. पानावर जाहिरात आली की ते व्यावसायिक होतं का, या वादात पडण्यापेक्षा दुसरा संच शोधायला कमी वेळ लागतो.

पायरी ३: एकमेकांशी जमतं का ते पाहा

सुटं सुटं पाहिलं तर सगळी लायसन्स ठीक असतात आणि एका फाइलमध्ये आली की भांडतात. नेहमी अडणारी जोडी म्हणजे अपाचे २.० आणि 'फक्त जीपीएल २'. अपाचेतल्या पेटंटविषयक अटी जीपीएल २ ला जादा बंधन वाटतात. जीपीएल ३ ला त्या चालतात. म्हणून 'फक्त २' आहे की '२ किंवा नंतरची कोणतीही' हे सोर्स फाइलींच्या माथ्यावर शोधावं लागतं. नुसती जीपीएलची प्रत पाहून ते कळत नाही.

ओपनएसएसएलचं उदाहरण इथे चपखल बसतं. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.० पासून ते अपाचे २.० खाली आहे. १.१.१ पर्यंतच्या जुन्या लायसन्समध्ये जाहिरातीत श्रेय देण्याची अट होती, आणि ती जीपीएलशी जमत नव्हती. त्यामुळे जीपीएल प्रोग्रॅमच्या लेखकाने वेगळा अपवाद लिहून दिला असेल तरच ती जोडी वाटता येत होती. आपला प्रोग्रॅम जीपीएल ३ चा आणि ओपनएसएसएल ३ चं, तेव्हा इथे प्रश्न नाही. जुन्या बिल्ड स्क्रिप्टने १.१.१ उचललं तर आहे.

दुसरा सापळा त्या व्हिज्युअल सी++ च्या डीएलएलचा. जीपीएल प्रोग्रॅम अशा रनटाइमला जोडायला हरकत नाही. त्याला 'सिस्टिम लायब्ररी' मानलं जातं आणि तिचा सोर्स द्यावा लागत नाही. पण ही सवलत ती लायब्ररी प्रोग्रॅमसोबत न देण्यावर अवलंबून आहे. डीएलएल त्याच पॅकेजमध्ये घातली की, जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या म्हणण्यानुसार, सवलत जाते, आणि तिचा सोर्स तर तुमच्याकडे नाही. म्हणजे मायक्रोसॉफ्ट 'वाटा' म्हणतंय आणि अडवतंय जीपीएल! उपाय साधा आहे. डीएलएल काढा आणि रनटाइम मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बसवायला वापरकर्त्याला सांगा.

जे वाटता येत नाही त्याच्यासाठी हीच पद्धत सर्वत्र कामी येते: स्वतःकडे प्रत ठेवायची नाही, मूळ जागेची लिंक द्यायची, किंवा वापरकर्त्याच्या यंत्रावर मूळ जागेवरून फाइल आणून बसवणारी छोटी स्क्रिप्ट द्यायची. डेबियन या लिनक्स प्रणालीत मायक्रोसॉफ्टचे जुने वेब फॉन्ट असेच येतात. पॅकेजमध्ये फॉन्ट नसतात, ते आणणारी स्क्रिप्ट असते. स्क्रिप्टमध्ये शा-२५६ तपासून घ्या, नाहीतर मूळ साइटवर फाइल बदलली तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही.

पायरी ४: नोटिसा प्रतीसोबत गेल्या पाहिजेत

एमआयटी आणि बीएसडी ही सगळ्यात सोपी लायसन्स, आणि मोडलीही तीच सगळ्यात जास्त जातात. एमआयटीची एकच अट आहे: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत असावा. बीएसडीत बायनरी (तयार, चालणारी फाइल) देताना तो मजकूर सोबतच्या कागदपत्रांत हवा. तीन कलमी बीएसडीत वर आणखी एक: लेखकाचं नाव वापरून आपल्या वस्तूची भलामण करायची नाही. अपाचे २.० साठी लायसन्सची प्रत द्या, बदललेल्या फाइलींवर तसं लिहा, आणि मूळ पॅकेजमध्ये 'नोटीस' नावाची फाइल असेल तर तिचा मजकूर पुढे न्या. ही शेवटची गोष्ट हमखास राहते.

सगळ्यांचा मजकूर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये घटकवार लावा, ती इन्स्टॉलरमध्ये घाला आणि प्रोग्रॅमच्या 'विषयी' खिडकीतून उघडेल अशी सोय करा. फक्त वेबसाइटवर ठेवणं पुरेसं नाही, मजकूर प्रतीबरोबर जायला हवा. नावं तेवढी वेगळी म्हणून दहा एमआयटी मजकूर एकात गुंडाळायचा मोह होतो. गुंडाळायला हरकत नाही, पण दहाही कॉपीराइट ओळी शिल्लक ठेवा.

जावास्क्रिप्टमध्ये फाइल आक्रसवणारं साधन टिप्पण्या उडवतं आणि त्यात नोटिसाही उडतात. बहुतेक साधनांत लायसन्सच्या टिप्पण्या राखण्याचा किंवा वेगळ्या फाइलीत काढण्याचा पर्याय असतो. तो चालू करा आणि तयार फाइल उघडून कॉपीराइटची ओळ शोधून पाहा. सेटिंगवर विसंबू नका.

पायरी ५: सोर्सची सोय

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. जीपीएलला 'संपूर्ण संबंधित सोर्स' हवा असतो. म्हणजे तुम्ही दिलेली नेमकी बायनरी ज्यातून निघाली तो कोड, त्यावरचे तुमचे पॅच म्हणजे बदल, आणि संकलन व इन्स्टॉलेशन चालवणाऱ्या स्क्रिप्ट. इन्स्टॉलर बनवण्याची स्क्रिप्टही त्यात आली. कंपायलर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम देण्याची गरज नाही. 'मूळ प्रकल्पाच्या साइटवर सोर्स आहे' असं म्हणून तुमच्या दुरुस्त्या वगळल्या, की अट मोडली.

डाउनलोडने देताना जीपीएल ३ मध्ये सोर्स दुसऱ्या सर्व्हरवरही चालतो, अगदी तिसऱ्याच्या सर्व्हरवरही. पण बायनरीच्या शेजारी स्पष्ट दिशा हवी, आणि तो सर्व्हर बंद पडला तर जबाबदारी तुमचीच. जीपीएल २ जुनं, १९९१ चं. त्यात डाउनलोडची सोय म्हणजे त्याच जागेवरून सोर्सही तितक्याच सहज मिळणं. त्यात दुसरा मार्ग लेखी हमीचा आहे: किमान ३ वर्षं कुणीही मागितला तरी, प्रत करण्याच्या खर्चाहून जास्त न घेता, सोर्स देऊ. जीपीएल ३ मध्ये हा मार्ग प्रत्यक्ष वस्तूसोबत दिलेल्या सॉफ्टवेअरपुरता ठेवलाय, डाउनलोडसाठी नाही. आणि खरं सांगायचं तर लेखी हमी हा महागडा आळस आहे. तीन वर्षांपूर्वीची बिल्ड उकरून काढण्यापेक्षा आज सोर्सचा एक टारबॉल (सगळ्या फाइली एकत्र बांधलेली फाइल) शेजारी ठेवणं कितीतरी स्वस्त.

तो टारबॉल स्वतः बनवा. गिटहब रिलीजवर आपोआप तयार होणाऱ्या सोर्स झिपमध्ये सबमॉड्यूल (दुसऱ्या रिपॉझिटरीतून जोडलेले भाग) येत नाहीत. लायब्ररी सबमॉड्यूल म्हणून घेतलेली असेल तर फोल्डर दिसतं, आत काही नसतं. अशी झिप 'संपूर्ण सोर्स' म्हणून देणारी पानं शेकड्याने सापडतील.

टारबॉल बरोबर आहे की नाही याची एकच खरी परीक्षा आहे. कोऱ्या कंटेनरमध्ये फक्त कंपायलर आणि बिल्डची साधनं ठेवा, नेटवर्क तोडा, टारबॉल उघडा आणि बिल्ड चालवा. नेटवर्क तोडणं महत्त्वाचं, कारण बिल्ड स्क्रिप्ट गुपचूप बाहेरून काही उतरवत असेल तर ती इथेच अडखळते, आणि ती जिथे अडखळली तीच तुमच्या टारबॉलमधली उणीव. बायनरी बाइट-दर-बाइट तीच निघावी अशी लायसन्सची अपेक्षा नाही. प्रोग्रॅम चालला आणि तुमच्या दुरुस्त्या दिसल्या म्हणजे झालं.

बदल केल्याचं आणि तारखेचं ठळक निवेदनही लागतं, रीडमीत दोन ओळी लिहिल्या तरी चालतात. बायनरी पानावर आहे तोवर तिचा सोर्सही पानावर असावा. जुनी आवृत्ती काढली तर दोन्ही काढा.

क्यूटी आपल्याकडे एलजीपीएल ३ (लायब्ररीसाठीचं जीपीएलचं सौम्य रूप) खाली आहे. त्यासाठी एलजीपीएल आणि जीपीएल अशा दोन्ही मजकुरांच्या प्रती सोबत लागतात. क्यूटीच्या नेमक्या त्या आवृत्तीचा सोर्स मिळण्याची सोय लागते. शिवाय वापरकर्त्याला स्वतः बदललेली क्यूटी घालून प्रोग्रॅम चालवता आला पाहिजे. डायनॅमिक डीएलएल असतील तर हे आपोआप साधतं. आपला मुख्य प्रोग्रॅम जीपीएलचाच असल्यामुळे इथे फारसा फरक पडत नाही. पण बंद प्रोग्रॅममध्ये क्यूटी स्टॅटिक जोडली तर पुन्हा जोडता येतील अशा ऑब्जेक्ट फाइली द्याव्या लागतात, आणि करारात 'उलट अभियांत्रिकी करू नये' असं सरसकट लिहिता येत नाही.

इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनांचे टेम्पलेट इथे घात करतात. 'प्रत करू नये, वाटू नये' असा तयार करार आणि 'मला मान्य आहे' बटण त्यांत आधीच असतं. जीपीएल प्रोग्रॅमवर अशी जादा बंधनं लादता येत नाहीत. नुसतं चालवण्यासाठी जीपीएल मान्य करण्याचीही गरज नसते, त्यामुळे ती खिडकी माहितीपुरती ठेवा किंवा काढून टाका. ॲप स्टोअरच्या अटीही अशाच आडव्या येतात: व्हिडिओ दाखवणारं व्हीएलसी जानेवारी २०११ मध्ये ॲपलच्या स्टोअरवरून काढलं गेलं ते याच कारणाने, आणि २०१३ मध्ये परतलं ते एमपीएल २.० या दुसऱ्या लायसन्सची जोड घेऊन.

नाव आणि बोधचिन्ह हा वेगळा हक्क आहे, कोडच्या लायसन्समध्ये तो येत नाही. बदल केला असेल तर प्रकल्पाचं ट्रेडमार्क धोरण वाचा. डेबियनला फायरफॉक्स अनेक वर्षं 'आइसवीझल' या नावाने द्यावं लागलं होतं.

पायरी ६: निर्यातीचे नियम

सर्व्हरवर फाइल ठेवली आणि दुसऱ्या देशातल्या माणसाने ती उतरवली, तर कायद्याच्या नजरेत ती निर्यात ठरू शकते. युरोपीय संघाच्या २०२१/८२१ या नियमात तर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात उपलब्ध करून देणंही निर्यातीत धरलंय. पाया बहुतेक ठिकाणी वासेनार व्यवस्थेच्या (निर्यात नियंत्रणाबद्दल देशांनी केलेल्या समझोत्याच्या) यादीचा आहे. तिच्यात ४२ देश आहेत, आणि भारत डिसेंबर २०१७ मध्ये सामील झाला. भारताची यादी स्कोमेट नावाने ओळखली जाते. सामान्य सॉफ्टवेअर या याद्यांत बसत नाही. बसतं ते मुख्यतः एन्क्रिप्शन आणि घुसखोरीची साधनं.

यादीतला विभाग ५, भाग २ हा कामाचा. माहिती गुप्त ठेवण्यासाठी ५६ बिटपेक्षा मोठी सममित किल्ली, किंवा ५१२ बिटपेक्षा मोठी आरएसए, किंवा ११२ बिटपेक्षा मोठी लंबवर्तुळी वक्राची किल्ली असेल तर सॉफ्टवेअर त्या कक्षेत येतं. आजचं कुठलंही खरं एन्क्रिप्शन यापेक्षा मोठंच असतं. फक्त डिजिटल सही, पासवर्ड तपासणी किंवा हॅश असेल तर ते यात धरत नाहीत. म्हणून तक्त्यातला तो रकाना 'क्रिप्टो आहे का' असा नव्हे, तर 'गुप्ततेसाठी आहे का' असा भरायचा. आपल्या उदाहरणात ओपनएसएसएल आहे, म्हणजे उत्तर 'हो'. अमेरिकी वर्गीकरणात त्याचा क्रमांक ५डी००२.

'आम्ही अमेरिकेत नाही' या वाक्याने इथे सुटका होत नाही. अमेरिकेचे नियम अमेरिकी मूळ असलेल्या वस्तूच्या मागे जगभर जातात, आणि सर्व्हर किंवा होस्टिंग कंपनी तिथली असेल तर तिच्या अटींतूनही तेच नियम येतात. पुढची चाळणी अशी लावा.

सोर्स सर्वांसाठी खुला आहे का? असेल आणि अल्गोरिदम प्रमाणित असेल, जसं एईएस, तर अमेरिकी नियमांनुसार तो सोर्स प्रकाशित समजला जातो आणि निर्यात नियंत्रणाच्या बाहेर पडतो. त्या खुल्या सोर्समधून बनलेली बायनरीही बाहेर पडते. पूर्वी यासाठी सरकारी खात्याला ईमेल पाठवावा लागे. २९ मार्च २०२१ पासून तो फक्त स्वतः रचलेल्या, अप्रमाणित अल्गोरिदमसाठी उरलाय. त्यात वाणिज्य खात्याच्या बीआयएस या निर्यात नियंत्रण विभागाला आणि एनएसए या गुप्तचर संस्थेला सोर्सचा इंटरनेटवरचा पत्ता कळवायचा. जुन्या मार्गदर्शिका अजून सगळ्यांनाच ईमेल पाठवायला सांगतात.

इथे दोन्ही विषयांची गाठ पडते. पायरी ५ मधला सोर्सचा टारबॉल जीपीएलची अट भागवतो आणि त्याच वेळी बायनरीला निर्यात नियंत्रणाबाहेर ठेवतो. तो पानावरून गळून पडला तर एका चुकीत दोन घोळ होतात. त्याच इन्स्टॉलरमध्ये एन्क्रिप्शनचं बंद प्लगइन घातलं तरी 'प्रकाशित' हा आधार त्या भागाला उरत नाही.

सोर्स बंद असेल तर रस्ता लांबचा. आधी ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे तिच्याकडून वर्गीकरण क्रमांक मागा. मोठ्या कंपन्या उत्पादनांचा तक्ता प्रसिद्ध करतात. सर्वसामान्य ग्राहकांना विकलं जाणारं एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर सहसा ५डी९९२ मध्ये येतं. काही प्रकारांत स्वतः वर्गीकरण करून दरवर्षी १ फेब्रुवारीपर्यंत अहवाल द्यावा लागतो, आणि काही प्रकारांत आधी अर्ज करून थांबावं लागतं. क्रमांक मिळाला नाही तर ती फाइल ठेवू नका, मूळ कंपनीची लिंक द्या. बंद एन्क्रिप्शन पैसे घेऊन देणार असाल तर या विषयातला वकील गाठा. हे काम लेख वाचून करायचं नाही.

युरोपातही कोणत्याही बंधनाविना पुढे देता येणारं सॉफ्टवेअर यादीतून सुटतं, आणि नुसता कॉपीराइट असणं हे तसं बंधन मानत नाहीत. फ्रान्सची मात्र एन्क्रिप्शनसाठी स्वतःची घोषणापद्धत आहे. ॲपलच्या स्टोअरवर ॲप चढवताना विचारले जाणारे एन्क्रिप्शनचे प्रश्न या सगळ्यातून आलेत. तिथे घाईत 'नाही' दाबू नका, तुमच्या नावावरचं निवेदन असतं ते.

एक चूक चांगल्या हेतूने होते. निर्यात नियमांची धास्ती घेऊन लोक जीपीएल कोडच्या लायसन्सलाच 'अमुक देशांत वापरू नये' अशी ओळ जोडतात. जीपीएलखाली दुसऱ्याच्या कोडवर अशी भर घालता येत नाही, आणि ओपन सोर्सच्या व्याख्येतही ते बसत नाही. कायदा पाळण्याची आठवण पानावर करून द्यायला हरकत नाही, ती लायसन्सची अट व्हायला नको.

पायरी ७: निर्बंध आणि माणसं

निर्यात नियंत्रण वस्तूकडे पाहतं, आर्थिक निर्बंध माणसाकडे आणि ठिकाणाकडे. खुल्या सोर्सची मोफत, सगळ्यांना सारखी डाउनलोड लिंक हा सगळ्यात निर्धास्त प्रकार. पैसे घेतले, खातं उघडायला लावलं, मदतीचा करार केला किंवा एकासाठी खास बिल्ड करून पाठवली, की तो व्यवहार होतो, आणि समोर कोण आहे ते पाहावं लागतं. गिटहबला इराणमधल्या वापरकर्त्यांना पूर्ण सेवा देण्यासाठी अमेरिकी सरकारचा परवाना घ्यावा लागला, तो जानेवारी २०२१ मध्ये मिळाला. खुल्या कोडचं घर असूनही खात्यांची सेवा हा वेगळा प्रश्न ठरला.

व्यवहार असेल तर नाव अमेरिकेच्या एकत्रित छाननी यादीत आणि युरोपीय यादीत शोधा. दोन्ही मोफत पाहता येतात. शोध कधी घेतला आणि काय सापडलं याची नोंद ठेवा. देशांची नावं जुन्या टेम्पलेटमधून उचलू नका. अमेरिकेने सुदानवरचे व्यापक निर्बंध ऑक्टोबर २०१७ मध्येच उठवले, तरी 'सुदान' लिहिलेले करार आजही नव्या इन्स्टॉलरमध्ये दिसतात. क्रिमियासारखे निर्बंध देशाच्या एका भागापुरते असतात, ते देशांच्या यादीत सापडतच नाहीत.

पायरी ८: पान आणि नोंदी

डाउनलोड पानावरचा मजकूर असा ठेवता येईल:

"ही मूळ प्रकल्पाची अधिकृत आवृत्ती नाही. आवृत्ती ३.२ वर आधारित. भाषांतर आणि दोन दुरुस्त्या केल्या आहेत, तारीख व तपशील बदलांच्या यादीत. लायसन्स: जीपीएल ३. इन्स्टॉलर आणि त्याचा शा-२५६. याच इन्स्टॉलरचा संपूर्ण सोर्स आणि त्याचा शा-२५६. इतर घटकांच्या नोटिसा. या सॉफ्टवेअरमध्ये एन्क्रिप्शन आहे. आपल्या देशातले आयात, वापर आणि पुनर्निर्यातीचे नियम पाहून घ्या."

सोर्सची लिंक इन्स्टॉलरच्या शेजारीच, त्याच आकारात. तळटिपेत किंवा तीन क्लिक आत नको. मिरर असतील तर त्यांनी दोन्ही फाइली घेतल्यात का ते तपासा. नुसती बायनरी उचलणारा मिरर हा नेहमीचा अनुभव आहे.

तक्ता, लायसन्स फाइलींच्या प्रती, परवानगीची पत्रं आणि निर्यात वर्गीकरणाचं एक पानी टिपण प्रत्येक रिलीजसोबत एका फोल्डरमध्ये बंद करा. अमेरिकी निर्यात नियमांत नोंदी ५ वर्षं ठेवण्याची अपेक्षा असते, तोच कालावधी या फोल्डरला लावा.

तक्रार आली तर

आधी ती फाइल पानावरून काढा, पण पुसू नका. नेमकी कोणती बायनरी कोणत्या सोर्सची होती हे दाखवायला तीच लागेल. तक्रारदाराला पत्र मिळाल्याचं आणि काम सुरू असल्याचं कळवा. जीपीएल ३ मध्ये पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली, तर त्या हक्कधारकाकडून मिळालेले तुमचे हक्क कायमचे परत मिळतात. जीपीएल २ मध्ये अट मोडताच हक्क आपोआप संपतात आणि अशी मुदत मजकुरात नाही. पण लिनक्स कर्नलच्या बऱ्याच विकासकांनी २०१७ मध्ये जीपीएल ३ सारखीच मुदत देण्याचं जाहीर केलं, म्हणून घटक कोणाचा आहे ते आधी पाहा. दुरुस्ती म्हणजे फक्त यापुढची आवृत्ती नीट करणं नव्हे. आधी उतरवलेल्यांनाही सोर्स मिळायला हवा, तेव्हा जुन्या आवृत्तीचा टारबॉल त्याच पानावर तारखेसह टाका आणि तसं तक्रारदाराला लेखी कळवा.